घटणाऱ्या आकड्यासाठी रकाना



पाण्यावरचं व्याख्यान म्हटलं की धरणं, नद्या, पाऊस यांवर ऐकायची श्रोत्यांची तयारी असते. मी आज नोंदवह्यांविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी पाणीपुरवठा खात्यात हयात घालवली होती. अशा माणसाला नोंदवहीचं महत्त्व सांगावं लागत नाही. खात्यातल्या कोणालाही विचारा, सगळ्यात जपून ठेवलेलं पुस्तक कोणतं? उत्तर येईल, एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका. किती मीटर पाइप टाकला, टाकी किती लिटरची बांधली, चर किती खोदला, हे कनिष्ठ अभियंता त्यात लिहितो, त्यावर सह्या होतात, मग बिल निघतं. बिल निघालं की त्या योजनेपुरती एमबी मिटली. पुढची पंचवीस वर्षं त्या पाइपातून पाणी आलं की नाही, हे लिहायला तिच्यात पान नसतं.

देशाच्या पातळीवर पाणी आणि स्वच्छता यांची देखरेख करणाऱ्या ज्या व्यवस्था आपण उभ्या केल्या, त्या बऱ्याच अंशी या एमबीच्याच मोठ्या आवृत्त्या आहेत. आता त्या संगणकावर असतात, रंगीत असतात, कोणालाही पाहता येतात. पण त्यांतला आकडा चढतो, उतरत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या नोंदवहीत आकडा खाली यायला जागा नाही, तिच्यातल्या वर गेलेल्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवू नये.

२००५ साली भारत निर्माण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ग्रामीण पाणीपुरवठ्यात तीन प्रकारच्या वस्त्या समोर होत्या. पाणी कधीच न पोचलेल्या ५५,०६७. दूषित पाण्याच्या सुमारे २.१७ लाख. आणि सुमारे ३.३१ लाख वस्त्या अशा, की ज्यांना पाणी मिळाल्याची नोंद आधी झाली होती, पण आता ते मिळत नव्हतं. सरकारी भाषेत या ‘स्लिप्ड बॅक’, घसरून मागे आलेल्या वस्त्या. कधीच न पोचलेल्यांच्या सहापट घसरलेल्या होत्या! आणि हे कळलं कसं? २००३ मध्ये वस्त्यांची नव्याने पाहणी झाली म्हणून. त्याआधीच्या प्रगती अहवालांत त्या ‘पूर्ण’ या सदरात निवांत बसलेल्या होत्या.

त्या काळचा निकष आजच्या मानाने अगदी माफक होता. माणशी दिवसाला ४० लिटर, अडीचशे माणसांमागे एक हातपंप किंवा सार्वजनिक नळ, सपाटीवर १.६ किलोमीटरच्या आत आणि डोंगरात १०० मीटर चढउताराच्या आत. हे बसलं की वस्ती ‘पूर्ण’. मग वस्ती घसरायची कशी? हातपंपाची साखळी तुटे. वस्ती वाढे. शेजारच्या शेतात खोल बोअर जाई आणि पिण्याच्या विहिरीचं पाणी तळाला बसे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचं यंत्र गावोगाव फिरलं, त्याने पिण्याच्या पाण्याची सोय झाली हे खरं. त्याच यंत्राने पुढे उसाला आणि फळबागांना पाणी दिलं हेही तितकंच खरं. दोघांचा साठा एकच, आणि तो मोजायचं काम मात्र पाणीपुरवठ्याच्या नोंदवहीबाहेर.

तेही काम कोणी करतच नाही असं समजू नका. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या ३,९०० हून अधिक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरची पातळी पाहून कोणत्या तालुक्यात टंचाई येणार याचा अंदाज काही महिने आधी देता येतो आणि दिला जातोही. मला ही व्यवस्था मनापासून आवडते, कारण तिच्यात आकडा खाली जाणं ही कोणाची नामुष्की नसते. विहिरीत पट्टी सोडायची, जे दिसेल ते लिहायचं. पातळी दोन मीटरने उतरली म्हणून भूवैज्ञानिकाला कारणे दाखवा नोटीस येत नाही.

असा उतरणारा आकडा आपल्याकडे आणखी एक आहे, आणि त्याची कोणी ‘देखरेख व्यवस्था’ म्हणून गणना करत नाही. टँकरचा साप्ताहिक अहवाल. उन्हाळ्यात दर आठवड्याला किती गावं, किती वाड्या, किती टँकर, सरकारी किती, खाजगी किती, हा तक्ता निघतो. पाऊस पडला की तो आटतो. ग्रामपंचायत ठराव करते, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात, मग मंजुरी. टँकरवर जीपीएस असतो, खेपांची नोंद ठेवावी लागते, कारण प्रत्येक खेपेमागे पैसे जातात. जिथे पैसे रोजच्या रोज जातात तिथे मोजणी रोजची होते, आणि जिथे ते एकदाच जातात तिथे एकदाच. हे इतकं साधं आहे की त्यासाठी सल्लागार नेमावा लागू नये.

टँकरचा आकडा निर्मळ आहे असा माझा दावा नाही. ठेकेदाराचा हात तो वर ओढतो, ‘टँकरमुक्त’ म्हणवून घ्यायची हौस तो खाली ओढते. तरीही एक प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. टँकर लागलेल्या गावांची मे महिन्यातली यादी घ्या. तिच्या शेजारी, घराघरांत नळ पोचला म्हणून नोंद झालेल्या गावांची यादी ठेवा. दोन्ही याद्यांत येणारं प्रत्येक गाव ही घसरण आहे. तिची मोजणी करायला नवं ॲप नको, नवा सर्व्हे नको. टंचाईची मंजुरी महसूल खात्याच्या टेबलावर होते आणि नळजोडणीची नोंद जिल्हा परिषदेत, एवढाच काय तो अडसर. दोन कार्यालयं बहुतेक जिल्ह्यांत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

आता जल जीवन मिशनकडे येऊ. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी ३.२३ कोटी घरांत, म्हणजे सुमारे १७ टक्के घरांत नळ होता. आज तो आकडा १५ कोटींच्या पुढे गेला आहे. महाराष्ट्रात सुरुवातीला सुमारे ४८ लाख ग्रामीण घरांत नळ होता, आज बहुसंख्य घरांत आहे. हे काम लहान नाही, आणि त्याची नोंद गावपातळीपर्यंत कोणालाही पाहता येते हीही लहान गोष्ट नाही. गावातल्या एखाद्या चौकस मुलाने मोबाइलवर आपलं गाव उघडावं आणि ‘आमच्या आळीत तर नळच नाही’ असं ग्रामसभेत म्हणावं, हे आता घडू शकतं. मी याला फार किंमत देतो.

पण नोंद झाली ती नळाची. पाण्याचं काय? मिशनच्याच २०२२ च्या कार्यक्षमता पाहणीत याचं उत्तर आलं. निकष तीन होते, माणशी ५५ लिटर पाणी, ठरल्या वेळी नियमित येणं, आणि ते पिण्यायोग्य असणं. तिन्ही कसोट्यांना उतरणारा नळ पाहिलेल्या घरांपैकी ६२ टक्के घरांत होता. म्हणजे नळ असलेल्या दर दहा घरांतल्या जवळजवळ चार घरांत काही ना काही उणं होतं. ही पाहणी सरकारने स्वतःच करून घेतली आणि प्रसिद्ध केली, याबद्दल श्रेय द्यायला हवं. फक्त झालं असं की ६२ चा आकडा अहवालात राहिला आणि मिशनच्या संगणकी फलकावर चढता आकडाच झळकत राहिला. दोन्ही शेजारी शेजारी झळकले असते तर?

गाव ‘हर घर जल’ होण्याच्या दोन पायऱ्या आहेत. आधी खात्याकडून नोंद होते, मग ग्रामसभा ठराव करून प्रमाणित करते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोवा असं प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेशही सोबत होता. ग्रामसभेने खात्याच्या नोंदीवर शिक्का मारायचा ही कल्पना उत्तम आहे. हिशेब देणारा आणि हिशेब तपासणारा, दोन माणसं वेगळी झाली. उणीव एकच, प्रमाणपत्राला मुदत नाही. आपल्या स्कूटरच्या पीयूसीला मुदत असते. ती संपली की पुन्हा नळकांडं लावून धूर तपासतात, गाडी गेल्या वर्षी पास झाली होती हे सांगून चालत नाही. गावाच्या पाण्यालाही ते चालू नये. दर वर्षी मे महिन्यात, भर उन्हाळ्यात ग्रामसभेने पुन्हा ठराव करावा, आणि न केल्यास ते गाव ‘प्रमाणित’च्या यादीतून आपोआप ‘नोंद’च्या यादीत यावं. कोणाला शिक्षा नको.

संडासांची कथा याहून बोलकी आहे. संपूर्ण स्वच्छता अभियान १९९९ पासून चाललेलं. २०११ ची जनगणना झाली आणि कळलं की ग्रामीण भारतातल्या फक्त ३०.७ टक्के घरांत संडास आहे. अभियानाची स्वतःची नोंद त्याच्या दुप्पट होती. कोट्यवधी संडास कुठे गेले, यावर तेव्हा पुष्कळ चेष्टा झाली. चेष्टा सोपी असते, कारणं पाहू. काही फक्त कागदावर बांधले गेले हे तर उघड आहे. काही बांधले आणि दोन पावसाळ्यांत पडले. काहींत सरपण आणि गोवऱ्या गेल्या. आणि एक कारण असं की ज्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही, कुटुंबं वाढत होती, भाऊ वेगळे होत होते, नवी चूल मांडली जात होती, आणि नोंदवहीतली एकूण घरांची संख्या मात्र जुन्या यादीवर गोठलेली होती. अंश वाढत गेला, छेद तिथेच थांबला. अभियान अनुदान कोणाला दिलं ते मोजत होतं, प्रगणक दारात उभा राहून काय आहे ते पाहत होता. दोन्ही माणसं आपापल्या परीने खरं लिहीत असतानाही एवढी तफावत पडू शकते.

महाराष्ट्राला हा अनुभव आधीच आलेला होता. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावं अक्षरशः झाडून निघाली. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, त्यात आपल्याच ग्रामपंचायती सर्वाधिक. आणि पुरस्कारानंतरच्या पाहण्यांत दिसलं की बऱ्याच गावांत लोक पुन्हा डबा घेऊन बाहेर पडू लागले आहेत. पुरस्काराची पाटी वेशीवर तशीच. त्या गावांनी फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. तपासणी पथक आलं त्या दिवशी ते गाव खरोखर निर्मळ असेलही. त्यानंतर पथक आलं नाही, एवढंच. सकाळी शिट्ट्या मारत फिरणारी ‘गुड मॉर्निंग’ पथकं मला तेव्हाही पसंत नव्हती, आजही नाहीत. बाईमाणसाला लाजवून मिळवलेला आकडा लाज ओसरली की उतरतो, आणि तो उतरलेला कोणी लिहीत नाही.

२०१८ च्या उत्तरार्धातला पेच तर सांख्यिकीच्या वर्गात शिकवावा असा आहे. स्वच्छ भारत मिशनच्या नोंदीत ग्रामीण संडासांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१८-१९ च्या राष्ट्रीय ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात, जे मिशनसाठीच त्रयस्थ संस्थेने केलं, ते ९३.१ टक्के आलं. आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीने, जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये, ७१.३ टक्के सांगितलं. देश तोच, वर्ष जवळजवळ तेच. नमुना पाहणीच्या अहवालात एक प्रांजळ इशाराही होता. सरकारी योजनेचा लाभ मिळाला का, हा प्रश्न आधी विचारला गेल्यामुळे संडास आहे का या प्रश्नावर लोकांनी उत्तर दडवलं असण्याची शक्यता आहे. नाही म्हटलं तर कदाचित अनुदान मिळेल, हा हिशेब कोणत्याही शहाण्या माणसाने केला असता! त्यामुळे खरा आकडा ७१ आणि ९३ यांच्या मध्ये कुठेतरी असावा असं मानायला जागा आहे. २ ऑक्टोबर २०१९ ला देश हागणदारीमुक्त जाहीर झाला, आणि २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातली सुमारे एक चतुर्थांश कुटुंबं उघड्यावर जात असल्याचं आलं. मला यातून निष्कर्ष एकच काढावासा वाटतो. एकाच गोष्टीचे तीन आकडे असणं ही देशाची श्रीमंती आहे. त्यातला एक खरा ठरवून बाकीचे गाडून टाकण्याची घाई ही खरी अडचण. जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठरलेला आहे, त्यात पाणी आणि संडास दोन्ही विचारले जाणार आहेत. तेव्हाही तफावत येईल. ती प्रसिद्धीपत्रकाने मिटवू नये, जिल्हावार छापावी.

जगाच्या पातळीवरही नोंद साधनाची झाली, पाण्याची नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त देखरेख कार्यक्रम १९९० पासून चालतो. २०१२ साली त्यांनी जाहीर केलं की पिण्याच्या पाण्याचं सहस्रक उद्दिष्ट २०१० मध्येच गाठलं गेलं. मोजलं काय होतं? ‘सुधारित’ स्रोत, म्हणजे हातपंप, झाकलेली विहीर, नळ. त्यातलं पाणी कसं, हे पाहिलंच नव्हतं. बांगलादेशात लाखो कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक होतं, आणि ‘सुधारित’ या व्याख्येत ते दिसत नव्हतं. २०१५ नंतर त्यांनी निकष बदलला. पाणी घराच्या आवारात हवं, हवं तेव्हा मिळायला हवं, आणि त्यात मैला किंवा घातक रसायन नको. निकष कडक होताच जगाचा आकडा झपकन खाली आला, आणि तो त्यांनी तसाच छापला. एवढं धैर्य संस्थांना क्वचितच असतं.

पाण्याच्या गुणवत्तेत मात्र महाराष्ट्राची एक पद्धत अशी आहे की बाहेरच्यांनी येऊन शिकावी. ग्रामपंचायतीला कार्ड देण्याची. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, गावातल्या प्रत्येक सार्वजनिक स्रोताची स्वच्छता पाहणी होते. विहिरीभोवती चौथरा आहे का, शेजारी उकिरडा आहे का, पाइप गटारातून गेलाय का, गळती कुठे आहे, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, शिल्लक आहे का. गुण देऊन जोखीम ठरते आणि लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवून साथ न आलेल्या गावाला चंदेरी. कार्ड हिरव्याचं लाल होऊ शकतं, हेच त्याचं मोल आहे.

आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो गावचा जलसुरक्षक. रोज टाकीत टीसीएल घालायचं, आणि ओटी घ्यायची. आपल्यापैकी शहरातल्या मंडळींना ओटी ठाऊक नसेल. नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर पाणी उघडं पडलंय. शेवटच्या टोकाच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पहिल्या नळाची ओटी घेऊन वहीत शेवटच्याची लिहिणारे असतात, टीसीएलची पिशवी महिनाभर उघडी ठेवून क्लोरीन उडवणारेही असतात. पण ज्याला ही वही रोज लिहायला सांगतो त्याला आपण देतो काय? बहुतेक ठिकाणी तुटपुंजं मानधन, तेही थकलेलं. आणि लाल कार्ड मिळालं की गावाला काय मिळतं? पत्र. दुरुस्तीला पैसे नाहीत, मागच्या वर्षीची टीसीएलची थकबाकी तशीच, फक्त पत्र. मग पुढच्या पाहणीत चौथरा तसाच फुटका असताना कार्ड पिवळं झालं तर दोष कोणाचा? ज्या माहितीला उत्तर फक्त खुलासा मागणाऱ्या पत्राने येतं, ती माहिती दुसऱ्या वर्षी बदलते. वाईट बातमी देणाऱ्याला आपण मदत पाठवली पाहिजे. आधी पावडर, मग पत्र.

शहरांवर थोडक्यात बोलतो, कारण तिथे गोंधळ जास्त आणि आकडे त्याहून जास्त. २००८ साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने सेवा पातळीचे मापदंड काढले. पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा मिळून अठ्ठावीस निर्देशक. पाणी माणशी १३५ लिटर, चोवीस तास, गळती आणि चोरी २० टक्क्यांच्या आत, सगळ्या जोडण्यांना मीटर. आपल्या कोणत्याही महापालिकेने हे वाचून हसावं अशी स्थिती. पण त्या पुस्तिकेत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या विश्वासार्हतेची श्रेणीही लिहायची, अ पासून ड पर्यंत. मीटर नसताना माणशी पुरवठा काढायचा म्हणजे पंप किती तास चालला याच्या अंदाजाला लोकसंख्येच्या अंदाजाने भागायचं. त्या उत्तरापुढे ‘ड’ लिहिणं हा प्रामाणिकपणा आहे. कराडशेजारच्या मलकापूरने हे उलटं करून दाखवलं. आधी प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापरानुसार बिल, त्यातून चोवीस तास पाणी. लहान गाव होतं म्हणून जमलं असं म्हणतात. मोठ्या शहरांना एका प्रभागाइतकं लहान व्हायला कोणी अडवलेलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. पुढे संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. यातली नांदेड आणि किरकटवाडी २०२१ मध्ये पालिकेत आलेली गावं. म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून बाहेर पडलेली, आणि शहराच्या नोंदवहीत नुकती शिरलेली. इशारा कोणी दिला? रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी, एकाच भागातून असे रुग्ण लागोपाठ येताहेत हे पाहून. एका यंत्रणेकडे पाण्याचे नमुने आहेत, दुसरीकडे रोग सर्वेक्षणाचे साप्ताहिक आकडे, आणि दोन्हींची गाठ साथ आल्यावर बैठकीत पडते.

म्हणून सांगतो, राष्ट्रीय व्यवस्था उभारायची म्हणजे दिल्लीत आणखी मोठा फलक उभारायचा, असं मला वाटत नाही. सेन्सर लावा, जरूर लावा, पण त्याची बॅटरी कोण बदलणार हे निविदेत लिहा. कामाची सुरुवात एखाद्या जिल्ह्यात पुढच्या ऑक्टोबरच्या पाहणीपासून होऊ शकते. गावाच्या एकाच पानावर पाच गोष्टी याव्यात. नळ किती, कार्ड कोणत्या रंगाचं, जवळच्या निरीक्षण विहिरीची पातळी काय, गेल्या उन्हाळ्यात टँकर किती दिवस, आणि अतिसाराचे रुग्ण किती. पाचही आकडे आज कुठल्या ना कुठल्या कपाटात आहेत. ते पान ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावं, आणि शेवटचा रकाना ‘गेल्या वर्षीपेक्षा कमी झालेलं’ असा असावा. तो कोणी भरायचा, यावर जिल्हा परिषदेत भांडण होईल. माझ्या मते तो ग्रामसेवकाने भरू नये, ग्रामसभेने भरावा, आणि त्याची प्रत ज्या तारखेला वर पोचेल त्यापासून महिन्याभरात वरून काय आलं, तेही त्याच पानाच्या पाठीमागे लिहावं.

इथे थांबतो. प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे, आणि मला दिसतंय की समोर पाणीपुरवठ्यातली बरीच निवृत्त मंडळी बसली आहेत. त्यांचे आक्षेप ऐकायला मी उत्सुक आहे.